थायरॉइड आटोक्यात, मग डोळ्यांना काय झाले?



२०१७ सालची गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे शब्बाथचे दोन दिवे लावले, बेराखा म्हटली आणि दिव्यांकडे पाहिले, तर मला चार ज्योती दिसल्या. शेजारी शेजारी नव्हेत, एकावर एक. चश्मा काढून पुसला, तरी चारच. उजवा डोळा हाताने झाकला, तर दोन. डावा झाकला, तरी दोन. दोन्ही उघडे ठेवले की पुन्हा चार.

मी ३८ वर्षे नर्स म्हणून काम केले आहे. किती रोग्यांच्या डोळ्यांत थेंब घातले असतील त्याची गणती नाही. पण त्या रात्री मी घरात कोणाला काही बोलले नाही. किद्दुश झाला, जेवणे झाली, मुले आपापल्या घरी गेली. थकवा असेल, चश्म्याचा नंबर वाढला असेल, नाहीतर मोतीबिंदू असेल, अशी मीच माझी समजूत घातली. शब्बाथ संपेपर्यंत एक डोळा अर्धवट मिटून घरात वावरले आणि जिना उतरताना एक पायरी चुकले. पडले नाही, एवढेच.

हा लेख मी त्यासाठीच लिहीत आहे. आपल्या वयात डोळ्याची कोणतीही तक्रार आपण ‘म्हातारपण’ या एका डब्यात टाकून देतो. पण ज्यांना थायरॉइडचा त्रास आहे किंवा पूर्वी होता, त्यांनी तसे करू नये.

आधीच्या आठ महिन्यांत काय झाले

त्याच्या दोन वर्षे आधी माझे थायरॉइड वाढले होते. वजन उतरले, छातीत धडधड व्हायची, चहाचा कप धरताना हात थरथरायचे. डॉक्टरांनी ग्रेव्हजचा आजार सांगितला. गोळ्या सुरू झाल्या, काही महिन्यांत रक्ताचा रिपोर्ट चांगला आला आणि मी तो विषय संपला असे धरून चालले.

मग हळूहळू डोळे सुरू झाले. सकाळी उठले की पापण्या सुजलेल्या. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपायचे आणि पाणी वाहायचे. आमच्या भागात खमसीनच्या दिवसांत धूळ असतेच, त्यात घरात मझगान चालू. मला वाटले, त्याचाच त्रास. एका दवाखान्यात दाखवले, त्यांनी अ‍ॅलर्जीचे थेंब दिले. मी थायरॉइडचे नावही काढले नाही, कारण रक्त चांगले होते ना! चूक माझी होती.

घरच्यांनाही काहीतरी वेगळे दिसत होतेच. धाकटा नातू एकदा म्हणाला, “सफ्ता, तू माझ्यावर रागावलीस का?” मी म्हटले, “नाही रे राजा.” तो म्हणाला, “मग डोळे असे मोठे का केलेस?” शेजारच्या मावशींनी मीठ-मिरच्या ओवाळून माझी दृष्ट काढली. सिनेगॉगमध्ये एक बाई माझ्याशी अबोला धरून बसली, कारण मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिले म्हणे!

रविवारी सकाळी मी कुपत होलिमच्या आमच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. एकाचे दोन दिसतात म्हटल्यावर त्यांनी कॉम्प्युटरमध्ये माझे जुने रिपोर्ट उघडले आणि पहिलाच प्रश्न विचारला, “तुम्हाला थायरॉइड आहे ना?” त्याच आठवड्यात डोळ्यांच्या तज्ज्ञांचा तोर मिळाला. त्यांनी जुना फोटो आणायला सांगितला. मी नातीच्या मेंदीचा फोटो नेला. फोटोत माझी वरची पापणी काळ्या बुबुळावर थोडी उतरलेली होती. आरशात पाहिले, तर बुबुळाच्या वर पांढरे दिसत होते. आठ महिने रोज त्याच आरशात वेणी घालत होते, पण फरक माझ्या लक्षात आला नव्हता.

हा आजार आहे तरी काय?

थायरॉइड ही गळ्यातली लहानशी ग्रंथी. मराठीत तिला अवटुग्रंथी म्हणतात. हिब्रूत ‘बलुतत हामागेन’. मागेन म्हणजे ढाल, मागेन दाविदमधला तोच शब्द.

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक फौज असते. ग्रेव्हजच्या आजारात ही फौज चुकून आपल्याच थायरॉइडवर उठते आणि तिला जास्त काम करायला लावते. डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ साली या आजाराचे वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव. थायरॉइडच्या पेशींवर जी खूण पाहून ही फौज हल्ला करते, तशीच खूण डोळ्यामागच्या काही पेशींवरही असते. म्हणून तिथेही हल्ला होतो. डोळा फिरवणारे स्नायू सुजतात, मागची चरबी वाढते. डोळ्याची खोबण हाडाची, ती काही मोठी होत नाही. मग डोळा पुढे ढकलला जातो, पापण्या मागे ओढल्या जातात, आणि स्नायू ताठरले की दोन्ही डोळे एका रेषेत फिरत नाहीत. बहुधा सर्वांत आधी खालचा स्नायू धरतो. म्हणून मला दिवे एकावर एक दिसले.

आता मुख्य गोष्ट. गळ्यातली ग्रंथी आणि डोळे यांचे वेळापत्रक एक नसते. थायरॉइड गोळ्यांनी आटोक्यात आले तरी डोळ्यांचा आजार नंतर सुरू होऊ शकतो. कधी कधी डोळे आधी बिघडतात आणि थायरॉइड मागून. थोड्या लोकांत तर थायरॉइडचा रिपोर्ट अगदी नॉर्मल असतो किंवा ग्रंथी उलट मंद असते, तरी डोळे बिघडतात. म्हणून ‘रक्त चांगले आहे’ म्हणजे ‘डोळे चांगले आहेत’ असे समजू नका. तरीही रक्त नीट ठेवणे फार गरजेचे आहे. थायरॉइड वर-खाली होत राहिले तर डोळे जास्त बिघडतात.

ग्रेव्हज असलेल्या साधारण चौघांत एकाला डोळ्यांचा त्रास होतो आणि बहुतेकांचा सौम्य असतो. बायकांना हा आजार जास्त होतो, पण पुरुषांना आणि वयस्कर माणसांना झाला तर तो जास्त जोराचा असतो. म्हाताऱ्या माणसांत डोळे फारसे बाहेर न येताही आतले स्नायू सुजून डोळ्याची नस दाबली जाऊ शकते. त्यामुळे ‘माझे डोळे कुठे बाहेर आलेत?’ असे म्हणून निर्धास्त राहू नका.

कोणत्या खुणा पाहाव्यात

सकाळी पापण्या सुजलेल्या असणे, डोळे लाल होणे, वाळूसारखे खुपणे, उजेड सहन न होणे. सारखे पाणी येणे. डोळा नीट मिटत नाही, कोरडा पडतो, म्हणून शरीर पाणी सोडते. डोळ्यामागे दाब वाटणे, वर-खाली पाहताना दुखणे. बुबुळाच्या वर पांढरे दिसणे. एकाचे दोन दिसणे, विशेषतः सकाळी उठल्यावर किंवा थकल्यावर. झोपेत डोळे अर्धे उघडे राहणे, हे मात्र घरच्यांनाच विचारावे लागेल. अशा खुणा असतील तर थोड्या दिवसांत डॉक्टरांना दाखवा.

पण पुढच्या गोष्टींसाठी तोरची वाट पाहू नका. त्याच दिवशी मियूनमध्ये जा, मग शब्बाथ असो की सण. जीव आणि दृष्टी वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावा लागला तर मोडायचाच असतो, हे आपल्या हजानांनी आपल्याला शिकवलेलेच आहे.

१. नजर एकदम अंधूक झाली किंवा दृष्टीचा काही भाग दिसेनासा झाला.
२. रंग फिके पडले, विशेषतः लाल रंग एका डोळ्याने विटकरी किंवा धुवट दिसू लागला.
३. डोळा खूप दुखतो, उजेडाकडे पाहवत नाही, बुबुळावर पांढुरका डाग दिसतो.
४. डोळा मिटतच नाही, किंवा पापण्यांच्या पुढे आल्यासारखा झाला.

असा धोका या आजाराच्या शंभर रोग्यांत सुमारे तीन ते पाच जणांनाच होतो, पण वेळ गेली तर नजर परत येत नाही.

घरी करायची एक सोपी तपासणी सांगते. मी ती दर शुक्रवारी सकाळी करत असे. लोणच्याच्या बरणीचे लाल झाकण उजेडात ठेवा. चश्मा लावून आधी एक डोळा झाका आणि पाहा, मग दुसरा झाकून पाहा. लाल रंग दोन्ही डोळ्यांना सारखाच दिसला पाहिजे. तसेच मासिकाची एक ओळ प्रत्येक डोळ्याने वेगळी वाचा. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिले तर चांगला डोळा वाईटाचे झाकून नेतो आणि आपल्याला कळत नाही.

डॉक्टरांकडे जाताना

एक कागद घ्या. थायरॉइड कधी निघाले, कोणत्या गोळ्या, किती, त्रास कधीपासून, हे मराठीत लिहा आणि मुला-नातवंडांकडून हिब्रूत करून घ्या. दोन-तीन वर्षांपूर्वीचा चेहऱ्याचा स्पष्ट फोटो न्या. साखर, रक्तदाब, यकृताचा त्रास, ठिसूळ हाडे यांपैकी काही असेल तर आधीच सांगा. केस-नखांसाठी बायोटिनची गोळी घेत असाल तर तीही सांगा, तिच्यामुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

डॉक्टर रक्तात टीएसएच, टी-फोर आणि ग्रेव्हजच्या अँटिबॉडी पाहतात. डोळा किती पुढे आला ते एका पट्टीसारख्या यंत्राने मोजतात, रंग आणि नजर तपासतात, गरज वाटली तर सीटी किंवा एमआरआय काढतात. थायरॉइडवर किरणोत्सारी आयोडीन द्यायचे ठरले, तर ‘मला डोळ्यांचा त्रास आहे’ हे त्या डॉक्टरांना नक्की सांगा. त्या उपचाराने काही जणांचे डोळे वाढतात. मग डॉक्टर दुसरा मार्ग धरतात किंवा सोबत स्टेरॉइड देतात. डोळ्यांचे आणि थायरॉइडचे डॉक्टर वेगळे असतात, तेव्हा एकाचा कागद दुसऱ्याला दाखवणे हे आपले काम.

उपचार कसे असतात

या आजाराचे दोन टप्पे आहेत. पहिला गरम टप्पा, सुजेचा. तो काही महिन्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंत चालतो. मग सूज थंडावते, पण आत जो ताठरपणा आला तो काही प्रमाणात राहतो. औषधांचा उपयोग गरम टप्प्यात, शस्त्रक्रियेचा बहुधा थंड टप्प्यात. म्हणून आठ महिने वाया घालवणे बरे नव्हे.

सौम्य आजाराला थेंब, जेल, थायरॉइड नीट ठेवणे आणि वाट पाहणे एवढेच पुरते. सुरुवातीला काही डॉक्टर सेलेनियमच्या गोळ्या सहा महिने देतात. त्या स्वतःच्या मनाने आणून खाऊ नका. समुद्री शेवाळाच्या किंवा आयोडीनच्या गोळ्या तर मुळीच नकोत.

आजार मध्यम किंवा जास्त असेल तर शिरेतून स्टेरॉइड देतात. मला आठवड्यातून एकदा, १२ आठवडे दिले. पहिले सहा आठवडे अर्धा ग्रॅम, पुढचे सहा आठवडे पाव ग्रॅम, एकूण साडेचार ग्रॅम. प्रत्येक वेळी साखर आणि रक्तदाब पाहायचे, मधून मधून यकृताची तपासणी व्हायची. माझी साखर आधीच काठावर होती, ती वाढली. रात्री दोन वाजता टक्क जागी असे आणि कपाटे आवरत बसे. पण चौथ्या आठवड्यापासून सकाळची सूज उतरली, डोळ्यामागचा दाब गेला. स्टेरॉइड मध्येच आपल्या मनाने बंद करू नका आणि दुसऱ्याच्या गोळ्या तर कधीच घेऊ नका.

काही रोग्यांना सोबत दुसरी औषधे किंवा डोळ्यामागे किरणांचे उपचार देतात. २०२० मध्ये अमेरिकेत टेप्रोटुमुमॅब नावाच्या औषधाला मान्यता मिळाली. ते दर तीन आठवड्यांनी, आठ वेळा शिरेतून देतात. त्याने डोळा मागे जातो आणि एकाचे दोन दिसणे कमी होते, पण साखर वाढू शकते आणि ऐकणे कमी होऊ शकते. ज्यांना आधीच कमी ऐकू येते त्यांनी तज्ज्ञांशी हे नीट बोलावे.

शस्त्रक्रिया करायची तर क्रम ठरलेला असतो. आधी खोबणीत जागा करणे, मग स्नायू सरळ करणे, शेवटी पापण्या. प्रत्येकाला तिन्ही लागत नाहीत. नस दाबली गेली असेल आणि औषधाने उतरले नाही, तर मात्र थांबत नाहीत, पहिली शस्त्रक्रिया लगेच करतात. माझा गरम टप्पा सुमारे १४ महिने चालला. मग सहा महिने मोजमाप बदलले नाही तेव्हा स्नायूची शस्त्रक्रिया झाली आणि नंतर पापण्यांची. तोवर चश्म्याच्या काचेवर प्रिझमची पातळ पट्टी चिकटवली होती, तिने समोरचे एकच दिसायचे. ज्यांना पट्टी जमत नाही त्यांनी एक डोळा झाकावा. दोन दिसत असताना गाडी चालवू नका. जिन्यात कठडा धरा आणि प्रत्येक पायरीच्या कडेला रंगीत चिकटपट्टी लावून घ्या.

घरातली रोजची काळजी

दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर टिकाऊपणाचे रसायन नसलेले, लहान लहान नळ्यांतले मागा. हात धुवा, मान मागे करा, खालची पापणी ओढून खळगा करा, एकच थेंब टाका आणि डोळा अलगद मिटा. बाटलीचे तोंड डोळ्याला लागू देऊ नका. दोन वेगळी औषधे असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्या, जेल सर्वांत शेवटी. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा; एरवीची बाटली महिन्याने टाकून द्या.

रात्री झोपताना जेल किंवा मलम. डोळे उघडे राहत असतील तर कागदी चिकटपट्टी लावतात, पण ती कशी लावायची ते आधी नर्सकडून शिकून घ्या. पापणी पूर्ण मिटली नसताना लावली तर बुबुळाला इजा होते. डोके उंच ठेवून झोपा म्हणजे सकाळची सूज कमी होते. मझगान किंवा पंख्याचा झोत चेहऱ्यावर नको. बाहेर पडताना बाजूनेही झाकणारा काळा चश्मा लावा.

डोळ्यांत गुलाबपाणी, मध, एरंडेल घालू नका. फ्रीजमध्ये कोणाचे तरी उरलेले थेंब असतात, तेही नकोत. लाली घालवणारे थेंब रोज वापरू नका. ज्यांना थायरॉइडच्या गोळ्या किंवा स्टेरॉइड चालू आहे, त्यांनी किप्पूरच्या आणि तिशा बेआवच्या उपासाआधी डॉक्टरांना आणि हजानांना विचारावे.

आणि सिगारेट. या आजारात माणसाच्या हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच. सिगारेट ओढणाऱ्याला हा आजार जास्त होतो, जास्त जोरात होतो आणि औषधांचा गुण कमी येतो. मी कधी ओढली नाही, पण आमचे हे ओढत होते, ५० वर्षे, रोज एक पाकीट. डॉक्टरांनी मला सांगितले की दुसऱ्याच्या धुरापासूनही लांब राहा. मी घरी येऊन ते बोलले. हे काही बोलले नाहीत. उठून बाल्कनीत गेले आणि दार ओढून घेतले. मला वाटले, झाले! थोड्या वेळाने बाहेर आले ते रिकामी राखदाणी धुऊनच. पुढच्या आठवड्यात कुपत होलिममधल्या सिगारेट सोडणाऱ्यांच्या गटात नाव घातले. दोनदा पुन्हा ओढली, तिसऱ्यांदा सुटली. ७२ वर्षांच्या माणसाला सुटली, तर तुमच्या घरातल्यालाही सुटेल.

आता

आता मला समोरचे एकच दिसते. वाचता येते, शिवता येते. अगदी वर पाहिले तर अजून दोन दिसतात, ते तसेच राहणार असे डॉक्टर म्हणाले. म्हणून मसाल्याचे डबे वरच्या फळीवरून खाली आणले आहेत. चेहरा पूर्वीसारखा नाही. सुरुवातीला लग्नकार्यात फोटो काढायचा म्हटला की मी मागे सरायची. एक-दीड वर्ष मी मलिद्यालाही कोणाकडे गेले नाही. या आजारात मन खचते, आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही. घरच्यांनो, त्या माणसाला ‘अशी का बघतेस?’ म्हणू नका. त्याच्याबरोबर तोरला चला.

सिनेगॉगमधल्या त्या बाईला मी स्वतः जाऊन सगळे सांगितले. ती रडली आणि मग हळूच म्हणाली, “बाई गं, माझ्या भावाचे डोळे पण असेच दिसतात. त्यालाही थायरॉइड होतं.” मी विचारले, “लाल रंग नीट दिसतो का त्याला?” तिला माहीत नव्हते. आम्ही दोघी त्याच संध्याकाळी त्याच्याकडे गेलो, बरणीचे झाकण पिशवीत घेऊन. उजव्या डोळ्याने त्याला ते विटकरी दिसले. त्याला आम्ही तसेच मियूनमध्ये नेले. नस दाबली जात होती. आज त्याची नजर शाबूत आहे.

हा अंक वाचून झाला की घरातले एक लाल झाकण शोधा आणि एकेक डोळा झाकून पाहा. थायरॉइड असलेल्या बहिणीला, भावाला, शेजाऱ्यालाही पाहायला सांगा.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो. शालोम.